सोलापूरच्या हवेत घरातली रोपं: खोलीत हवा खेळती कशी ठेवायची

एप्रिलात दुपारी तीन वाजता सोलापुरात रोपांच्या खोलीतला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवला, तर तो बाहेरची ४२ अंशांची भाजकी हवा खोलीत ओढतो. तासाभरात मेथीच्या मायक्रोग्रीन्सचा, म्हणजे कोवळेपणीच कापून खायच्या रोपांचा, ट्रे मान टाकतो, लेट्यूसच्या कडा करपतात. तोच पंखा सप्टेंबरात बंद राहिला तर चार दिवसांत ट्रेमध्ये बुरशीचं जाळं दिसायला लागतं. पंखा तोच, खोली तीच, महिना तेवढा बदललेला. त्यामुळे ‘एक्झॉस्ट चोवीस तास चालू ठेवा’ हा सगळीकडे मिळणारा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. इथे कोणता पंखा घेतला यापेक्षा तो कधी लावला आणि कधी बंद केला, यावर रोपं तगतात.

हा लेख घराच्या एका खोलीत दिव्याखाली पालेभाज्या, मायक्रोग्रीन्स किंवा टोमॅटो-मिरचीची रोपं वाढवणाऱ्यांसाठी आहे. हिशेबासाठी १० बाय १० फुटांची, १० फूट उंचीची खोली धरली आहे. तुमची खोली लहान-मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्या.

हवा बदलणं वेगळं, हवा हलवणं वेगळं

खोलीत टेबल फॅन फिरतोय म्हणजे हवा खेळती आहे, असा समज सर्रास दिसतो. टेबल फॅन आतलीच हवा आतल्या आत फिरवतो. आत साठलेली उष्णता आणि वाफ बाहेर काढून ताजी हवा आणण्याचं काम एक्झॉस्ट आणि हवा आत येण्याची वाट ही जोडी करते. रोपांना दोन्ही लागतं आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

हवा बदलण्यामागचं मोठं कारण आहे वाफ. रोपांना घातलेल्या पाण्यातला फार थोडा भाग रोपाच्या शरीरात राहतो. बाकी जवळजवळ सगळं पानांवाटे आणि ट्रेमधल्या कोकोपीटमधून, म्हणजे नारळाच्या सालीच्या भुशातून, हवेत जातं. आता आपल्या खोलीचा हिशेब मांडू. तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. २८ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे आर्द्रता ५० टक्के असलेली बंद खोली पूर्ण दमट व्हायला अर्धा लिटरसुद्धा पाणी लागत नाही, ४०० ग्रॅमच्या आतच काम होतं. भिंती थोडी वाफ शोषतात, फटींतून थोडी निसटते हे खरं. पण आपण रॅकला रोज पाच-सहा लिटर पाणी घालतो. ते सगळं कुठेतरी जायलाच हवं.

दुसरं कारण उष्णता. २०० वॅटचे एलईडी दिवे लावले की जवळपास २०० वॅटची उष्णता खोलीतच मुक्कामाला येते. एलईडी गरम होत नाहीत असं दुकानदार सांगतात. त्यांचा उजेड पानांवर आणि भिंतींवर पडून शेवटी उष्णताच होतो.

तिसरं कारण कार्बन डायऑक्साइड. बाहेरच्या हवेत तो दर दहा लाख भागांत ४२० भागांच्या आसपास असतो. पूर्ण बंद, लहान जागेत भरपूर पानं आणि कडक उजेड असेल तर काही तासांत तो बराच खाली येतो आणि वाढ मंदावते. ज्या खोलीचं दार दिवसातून अनेकदा उघडतं, घरातली माणसं ये-जा करतात, तिथे ही अडचण सहसा येत नाही. कार्बन डायऑक्साइड वाढवायला खोलीत मेणबत्ती, शेगडी असलं काही जाळायचा विचारही करू नका. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो माणसाचा जीव घेतो.

हवा हलवण्याचं काम पानाच्या अगदी जवळचं आहे. प्रत्येक पानाला हवेचा एक पातळ, स्थिर थर चिकटून असतो. खोलीची आर्द्रता ६० टक्के असली तरी त्या थरात ती ९० टक्क्यांवर असू शकते. वाऱ्याची हलकी झुळूक तो थर पातळ करते, मग पान श्वास घेऊ शकतं आणि मुळांकडून कॅल्शियम वर खेचू शकतं. शिवाय वाऱ्याने हललेलं रोप खोड जाड करतं. न हललेली रोपं उंच, लुसलुशीत वाढतात आणि शेतात लावल्यावर पहिल्याच वाऱ्यात आडवी होतात.

डाळिंबवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बागेत दाटी झाली, हवा कोंडली की पावसाळी दमट दिवसांत तेल्या रोग कसा पसरतो हे इथल्या प्रत्येक बागायतदाराने पाहिलेलं आहे, म्हणून तर फांद्या विरळ करतात. घरातल्या ट्रेमध्येही बी दाट पेरलं तर कितीही पंखे लावा, मधल्या रोपांपर्यंत वारा पोचत नाही.

आधी खोली ओळखा

खर्च करण्याआधी दोन डिजिटल तापमान-आर्द्रता मापक घ्या. तीनशे-चारशे रुपयांचे साधे चालतात. एक रोपांच्या उंचीवर टांगा, पण दिव्याचा झोत त्याच्यावर थेट पडू देऊ नका. दुसरा खोलीबाहेर, कायम सावली असलेल्या जागी ठेवा. पुढचं सगळं या दोन आकड्यांच्या तुलनेवर चालणार आहे.

स्वस्त मापकांची आर्द्रता पाच-दहा टक्क्यांनी चुकते, म्हणून ती तपासून घ्यायची. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी व्हायला नको. हे झाकण आणि मापक हवाबंद डब्यात शेजारी ठेवून रात्रभर राहू द्या. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी मापक ६९ दाखवत असेल तर तो सहाने कमी दाखवतो, मागे पट्टी चिकटवून तसं लिहून ठेवा.

आता दोन-तीन दिवस सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि झोपण्यापूर्वी आकडे वहीत उतरवा. वरच्या मजल्यावरची खोली असेल तर एक गोष्ट हमखास दिसेल: बाहेर संध्याकाळी सातनंतर हवा निवायला लागते, पण खोली नऊपर्यंत तापलेलीच राहते. दिवसभर ऊन प्यायलेला स्लॅब तेव्हा उष्णता खाली सोडत असतो. अशा खोलीत उन्हाळ्यात छताचा पंखा लावू नका, तो स्लॅबखालची गरम हवाच रोपांवर लोटतो. गच्चीवर मार्च संपण्याआधी चुन्याचा किंवा पांढऱ्या उष्णतारोधक रंगाचा हात मारला तर कुठल्याही पंख्याआधी फरक पडतो.

खोली निवडायची मुभा असेल तर तळमजल्यावरची, उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची घ्या. पश्चिमेची भिंत असलेली आणि पत्र्याची खोली शक्यतो टाळा. गावाकडे, बार्शी-मंगळवेढ्याच्या बाजूला, जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. मातीचा जाड थर दुपारचं ऊन आत येऊ देत नाही आणि छतातलं साणं, म्हणजे उजेड-हवेसाठी ठेवलेलं भोक, गरम हवेला वरून वाट देतं. त्या साण्यावर बारीक जाळी बसवा, वर चार-सहा इंच उंचीवर पारदर्शक पत्रा ठेवा. पाऊस आत येणार नाही, हवा मात्र जात राहील.

आंब्याची अढी किंवा केळीचे घड रोपांच्या खोलीत ठेवू नका, हेही इथेच सांगून टाकतो. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो. त्याने पानं पिवळी पडतात, फुलं गळतात आणि आपण खत-पाण्यात दोष शोधत बसतो.

पंखा केवढा घ्यायचा

पंख्याच्या खोक्यावर ‘एअर डिलिव्हरी’ म्हणून एक आकडा छापलेला असतो, ताशी किती घनमीटर हवा फेकतो तो. इंच बघून पंखा घेऊ नका, हा आकडा बघा. काही ठिकाणी तो मिनिटाला घनफुटांत, म्हणजे सीएफएममध्ये असतो, त्याला १.७ ने गुणलं की ताशी घनमीटर येतात.

उष्णतेचा हिशेब असा. दिव्यांचे एकूण वॅट घ्या, त्याला ०.३३ ने भागा, मग खोली बाहेरपेक्षा किती अंश गरम राहिलेली चालेल त्या आकड्याने भागा. २०० वॅट दिवे आणि ३ अंशांचा फरक धरला तर उत्तर येतं ताशी सुमारे २०० घनमीटर. दिव्यांपुरतं हे पुरेसं आहे.

पण आपल्याला उन्हाळ्यात रात्रीच्या गार हवेने सगळी खोली, भिंतींसकट, निववायची असते. त्यासाठी दर तीन मिनिटांनी खोलीतली हवा एकदा बदलेल एवढा जोर हवा. २८ घनमीटर गुणिले तासात २० वेळा, म्हणजे ताशी ५६० घनमीटर. शिवाय जाळी, झडप आणि वळणं यांत पंख्याची ताकद कमी होते, निदान तीस टक्के घट धरा. म्हणजे खोक्यावरचा आकडा ८०० च्या आसपास असलेला पंखा घ्यायचा. नऊ इंची चांगले पंखे आणि बारा इंची साधे पंखे यात बसतात. सोबत कपॅसिटरचा टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर लावा, कारण वर्षातले निम्मे दिवस हा पंखा अर्ध्या वेगानेच चालवायचा आहे.

एकच रॅक आणि १०० वॅटच्या आत दिवे असतील तर सहा इंची पंखा आणि उघडी खिडकी एवढ्यावर भागतं. उगाच मोठा पंखा घेऊन खोली कोरडी करू नका.

हवा कुठून येणार, कुठून जाणार

एक्झॉस्ट वर, छताला लागून. हवा आत येण्याची वाट खाली, समोरच्या भिंतीत. गरम हवा वर जाते, म्हणून ती वरूनच काढायची. येणारी हवा रॅकच्या खालून शिरून रोपांमधून वर जायला हवी. इथे सगळ्यात जास्त दिसणारी गफलत म्हणजे एकाच खिडकीत वर एक्झॉस्ट आणि खाली उघडं तावदान. आत आलेली हवा लगेच वरून बाहेर पडते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाची हवा जागची हलत नाही.

दिशा ठरवताना वारा बघा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. एक्झॉस्टचं तोंड पश्चिमेला ठेवलं तर पंखा वाऱ्याशी झगडत राहतो आणि पावसाच्या सरीत पाणीही आत येतं. शक्यतो एक्झॉस्ट पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा आणि बाहेरून आपोआप बंद होणारी झडप बसवा. पंखा थांबला की ती मिटते, धूळ आणि पाल दोन्ही बाहेर राहतात.

आत येणाऱ्या वाटेवर जाळी हवीच. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून पांढरी माशी सहज येते. नर्सरीवाले वापरतात ती ४० मेशची, म्हणजे इंचाला ४० छिद्रांची, इन्सेक्ट नेट लावा. फुलकिडे तिच्यातूनही निसटतात, पण त्याहून बारीक जाळी लावली तर हवाच अडते. बारीक जाळीमुळे वाट मोठी ठेवावी लागते. ताशी ५०० घनमीटर हवा शांतपणे आत यायला दीड चौरस फूट मोकळी जागा लागते. जाळीचा निम्म्याहून जास्त भाग धाग्यानेच व्यापलेला असतो, म्हणून तीन चौरस फूट, म्हणजे दीड बाय दोन फुटांचं तावदान धरा. वाट अपुरी पडली की पंखा घरघरतो, दार उघडताना ओढल्यासारखं वाटतं, आणि हवा मग बाथरूमच्या जाळीतून नाहीतर दाराखालच्या फटीतून, मिळेल तिथून येते.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्यांनी जाळीकडे जास्त लक्ष द्यायचं. कापसाचा बारीक तूस हवेत असतो, तो जाळीवर थर धरतो. तिथे जाळी चौकटीत बसवून चौकट काढता येईल अशी सोय करा. बाकीच्यांना पंधरा दिवसांनी धुऊन चालतं, त्यांना दर आठवड्याला धुवावी लागेल.

बसवून झाल्यावर उदबत्तीची कसोटी घ्या. दारं-खिडक्या रोजच्यासारखी ठेवा, एक्झॉस्ट लावा, आतला पंखा बंद करा. पेटलेली उदबत्ती आधी जाळीसमोर धरा, धूर सरळ आत झुकला पाहिजे. मग रॅकच्या प्रत्येक कप्प्यात, कोपऱ्यात, सगळ्यात खालच्या ट्रेशेजारी धरा. धूर संथपणे एक्झॉस्टच्या दिशेने वळला तर ठीक. जिथे तो सरळ दोरीसारखा वर चढतो आणि मग तिथेच तरंगत राहतो, ती तुमच्या खोलीतली मेलेली जागा. बुरशी पहिल्यांदा तिथे येणार. तिथे एक तर ट्रे ठेवू नका, नाहीतर छोटा पंखा लावा.

आतला पंखा

भिंतीवरचा, मान फिरवणारा पंखा घ्या आणि सर्वांत कमी वेगावर ठेवा. झोत रोपांच्या शेंड्यांवरून जायला हवा, त्यांच्यावर आदळायला नको. पानं हलकी थरथरली की वारा पुरेसा आहे. खोडं वाकत असतील, पानं एका बाजूला उलटत असतील तर वेग जास्त आहे. बी उगवून दोन पानं येईपर्यंत झोत भिंतीवर सोडा, परतून येणारी हवा त्यांना पुरते. चार कप्प्यांच्या रॅकमध्ये एका मोठ्या पंख्यापेक्षा प्रत्येक कप्प्यात संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा छोटा पंखा जास्त कामाचा. वीज नगण्य लागते आणि वीज गेल्यावर छोट्या बॅटरीवरही तो चालतो.

उन्हाळा: मार्च ते जूनची सुरुवात

या दिवसांचा नियम असा: बाहेरचा मापक आतल्यापेक्षा कमी तापमान दाखवतो तेव्हा एक्झॉस्ट पूर्ण वेगाने, जास्त दाखवतो तेव्हा खोली बंद. मेमध्ये ही वेळ साधारण रात्री आठ-नऊ ते सकाळी आठ अशी येते. सकाळी आठला जाळीची वाट झाका, पडदे ओढा, एक्झॉस्ट बंद करा किंवा तासातून पाच मिनिटं एवढाच टायमरवर ठेवा. आतला पंखा मात्र चालू राहू द्या.

याच्या जोडीला दिव्यांची वेळ फिरवा. दिवे रात्री आठला लावा आणि सकाळी दहाला बंद करा. दिव्यांची बहुतेक उष्णता तेव्हा निघते जेव्हा बाहेरची गार हवा ती घेऊन जायला तयार असते, आणि दुपारी खोलीवर जादा बोजा पडत नाही. खिडकीतून मोठा उजेड येत नसेल तर रोपांना घड्याळाचं काही देणं-घेणं नसतं. ही फिरवाफिरवी करायला रुपयाही लागत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या सगळ्या उपायांत मी हिला पहिला नंबर देतो.

तरीही दुपारी आतलं तापमान ३५ च्या वर जात असेल तर कूलर. एप्रिल-मेमधली आपली हवा इतकी कोरडी असते की कूलरसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. बाहेर ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या गवतातून गेलेली हवा २८ ते ३० अंशांवर येते आणि तिची आर्द्रता ५५-६० टक्क्यांच्या घरात जाते. पालेभाजीला नेमकी अशी हवा आवडते. अट एवढीच: कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढणारा असावा आणि समोर एक्झॉस्ट चालू असावा. खोलीच्या आत मधोमध ठेवलेला कूलर तीच हवा पुन्हापुन्हा ओली करतो आणि दोन तासांत खोली दमट होऊन बसते.

पाण्याचा विचार आधी करा. लहान कूलरही कडक दुपारी तासाला तीन-चार लिटर पाणी सहज पितो, आणि शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा एवढाच चालवायचा ठरवला तरी दिवसाला पंचवीसेक लिटर बाजूला काढावे लागतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून द्या. पाणी उडून जातं आणि क्षार मागे साठतात, गवतावर पांढरा थर येतो आणि हवा जायची वाट बुजते. रोपांवर फवारा मारायला तर बोअरचं पाणी वापरूच नका, पानांवर पांढरे डाग पडतात. घरात एसी असेल तर त्याच्या नळीतून गळणारं पाणी साठवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात, फवाऱ्याला ते उत्तम.

एसीवर रोपं ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्प्लिट एसी हवा बदलत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवतो आणि तिच्यातलं पाणी काढून घेतो. म्हणून एसी असला तरी दिवे चालू असताना तासातून पाच मिनिटं एक्झॉस्ट लावा, आणि ट्रे एसीच्या थेट झोतात ठेवू नका.

पावसाळा

जूनमध्ये ढग येतात, पण आपल्याकडे वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. रोपांच्या खोलीचा कठीण महिनाही तोच. कूलर जूनअखेरीस बंद करून गवत वाळवून ठेवा. बाहेर २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना कूलर हवा दोन-तीन अंशांनी गार करतो आणि बदल्यात खोली ओलीचिंब करतो.

आता दिवे पुन्हा दिवसा लावायचे. बाहेरची २६ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन दिव्यांच्या उष्णतेने २९ अंशांवर गेली की तिची आर्द्रता आपोआप ७० टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढलेली असते. उन्हाळ्यात नकोशी वाटणारी दिव्यांची उष्णता पावसाळ्यात खोली कोरडी ठेवते. मात्र एक्झॉस्ट मध्यम वेगाने सतत चालू हवा, म्हणजे रोपांनी सोडलेली वाफ साठत नाही.

धोक्याची वेळ दिवे बंद झाल्यानंतरची. तापमान पटकन उतरतं, हवेतलं पाणी कुठे जायचं म्हणून पानांवर आणि भिंतींवर बसतं, आणि ओल्या पानावर बुरशीचा बीजाणू रुजायला काही तासच पुरतात. त्यामुळे दिवे बंद झाल्यावर एक्झॉस्ट किमान एक तास चालू राहील असा टायमर लावा. आतला पंखा रात्रभर चालू ठेवा. पाणी सकाळीच द्या आणि ट्रेच्या खालून द्या, वरून झारीने नको.

रोप कोलमडणं या दिवसांत पहिल्यांदा असं दिसतं: काल ताठ उभी असलेली मिरचीची चार-पाच रोपं आडवी पडलेली असतात. एक उचलून बघा. पानं हिरवीगार असतात, पण मातीला टेकलेला खोडाचा भाग सुतासारखा बारीक, पाणचट, तपकिरी झालेला असतो. दुसऱ्या दिवशी त्या जागेभोवती गोल टक्कल पडतं. दिसताक्षणी तो भाग कोकोपीटसकट काढून घराबाहेर टाका, ट्रे रॅकवरून वेगळा करा, दोन दिवस पाणी तोडा आणि त्याच्यावरून वारा जाऊ द्या. पुढच्या पेरणीत कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी, मिसळा. जाळीची वाट आणि पंखा तसाच ठेवून नुसतं औषध मारत राहिलात तर ते पुन्हा येणारच.

हिवाळा

हिवाळा सोपा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास रात्री पारा पंधराच्या आसपास असतो आणि दुपारी तीसपर्यंत चढतो. दिवसा एक्झॉस्ट मंद, रात्री तासातून दहा-पंधरा मिनिटं पुरे. गार हवा जड असते, जाळीतून येऊन थेट खालच्या ट्रेवर पडते. जाळीसमोर पुठ्ठ्याची तिरकी पट्टी लावून तिला वर वळवा. दुपारी आर्द्रता ३५ टक्क्यांखाली जात असेल तर रॅकखाली पाण्याची पसरट परात ठेवा, एवढंच.

पानं काय सांगतात

आर्द्रतेचा एकटा आकडा फसवा आहे. पान किती वेगाने पाणी गमावतं ते तापमान आणि आर्द्रता दोन्ही मिळून ठरवतात. कोवळ्या रोपांना २५ अंशांना ७० ते ८० टक्के, वाढत्या पालेभाजीला त्याच तापमानाला ५५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. तापमान तीसच्या वर गेलं तर आर्द्रताही ७० च्या आसपास लागते, तरच पानावर तेवढाच ताण राहतो. ३५ अंश आणि ३० टक्के ही आपल्या मेच्या बंद खोलीतली नेहमीची जोडी. तिच्यात लेट्यूस तगत नाही, राजगिरा आणि पालक कसेबसे तगतात. त्या दोन महिन्यांत लेट्यूसचा हट्ट सोडून राजगिरा लावणं हाच माझा सल्ला.

पानाच्या कडा वर वळून द्रोण झाला, टोकं वाळली, ट्रे ओला असूनही दुपारी मान पडली, तर हवा कोरडी किंवा वारा जास्त. लेट्यूसची आतली कोवळी पानं कडेने तपकिरी पडत असतील तर तिथे कॅल्शियम पोचत नाही, आणि बहुतेक वेळा खतात कॅल्शियम असूनही हवा हलत नसल्यामुळे पोचत नाही. पानाखाली बारीक फोड, खोडं लांबुळकी, सकाळी उशिरापर्यंत पानांच्या टोकांना थेंब लटकलेले, तर हवा कोंडलेली. पांढरी पावडर भुरभुरल्यासारखी दिसली तर ती भुरी. तिला पान ओलं व्हायचीही गरज लागत नाही, दमट आणि स्थिर हवा पुरते. ट्रेवर चिलटं उडत असतील तर कोकोपीट सतत ओलं आहे.

वीज आणि निगा

ओल्या खोलीत विजेची कामं आहेत, म्हणून हा भाग टाळू नका. कूलर आणि पंख्यांच्या जोडणीला अर्थिंग असलेलं तीन पिनांचंच सॉकेट हवं आणि खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढूनच भरा. एक्सटेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, रॅकच्या वरच्या दांडीला बांधा आणि वायरला खाली झोल द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी बोर्डात न जाता झोलावरून खाली टपकेल.

वीज गेली आणि दिवे चालू असण्याची वेळ असेल तर काळजी कमी, कारण उष्णताही थांबते. उन्हाळ्याच्या दुपारी कूलर बंद पडला तर दार आतल्या पॅसेजकडे उघडा, बाहेरची खिडकी नको. पावसाळ्यात मात्र लगेच खिडकी आणि दार दोन्ही उघडून वाऱ्याला आरपार वाट द्या आणि इन्व्हर्टरवर निदान रॅकमधले छोटे पंखे जोडून ठेवा.

जाळी महिन्यातून दोनदा, एक्झॉस्टची पाती दोन महिन्यांतून एकदा धुवा. पात्यांवर धुळीचा चिकट थर बसला की पंखा तेवढीच वीज खाऊन कमी हवा ओढतो. सगळ्यात मोठी साफसफाई ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात करा: रॅक रिकामा, ट्रे साबणाने धुऊन कडक उन्हात, भिंतीचे ओले कोपरे कोरड्या फडक्याने पुसून चुन्याचा हात, झडपेचे सांधे मोकळे, आणि मापकांची मिठाची कसोटी पुन्हा एकदा.